मजुरीची पाकिटं, नाकाबंदी आणि एक पंचनामा

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पेठ रस्त्यावर एका नाक्यावर आमची गाडी तपासली गेली आणि मजुरीचे १,८६,००० रुपये जप्त झाले. ते परत मिळाले. पण मिळेपर्यंत काय काय करावं लागलं, आणि वॉरंट नसताना पोलिसांना गाडी तपासता येते का, येत असेल तर कशाच्या जोरावर, हे त्या निमित्ताने मला मुळापासून समजून घ्यावं लागलं. दिंडोरी, निफाडकडच्या बागायतदारांना रोख पैसे घेऊन फिरल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी पैसे कसले ते सांगतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला टोळ्या लागतात. आमच्याकडे त्या पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरून येतात. छाटणी, डोळ्यांना पेस्ट लावणं, फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, सगळं एकरावर उक्तं, म्हणजे ठोक, ठरतं. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधी दिलेली असते आणि पक्का हिशोब दिवाळीआधी होतो. त्या वर्षी टोमॅटोचे पैसे यायचे होते म्हणून हिशोब थोडा लांबला आणि टोळी सणासाठी घरी गेली. मुकादमाचा फोन आला, "नाना, वसुबारसेला या, लोकांना बाजार करायचाय." त्या दिवशी सकाळी बँकेतून १,२०,००० काढले. घरात टोमॅटोचे ६६,००० होते. बायकोने आणि मी बसून जोडीगणिक पाकिटं केली. प्रत्येक पाकिटावर नवरा-बायकोचं नाव, खाली रक्कम, खाली उचल वजा केलेली. गेली कित्येक वर्षं आम्ही असंच करतो. पाड्यावर गेलं की नाव घ्यायचं, पाकीट द्यायचं, हजेरीच्या वहीत अंगठा किंवा सही घ्यायची. ती वही मुकादमाजवळ असते.

नाक्यावर बॅरिकेड, एक तंबू, हातात कॅमेरा घेतलेला मुलगा आणि तीन-चार पोलीस होते. साहेबांनी लायसन्स आणि आरसी मागितलं. मी डिजिलॉकरमधून दाखवलं, ते त्यांनी पाहिलं. इथपर्यंत झडतीचा प्रश्नच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं, आणि गाडीचे कागद मोबाइलवर दाखवलेले चालतात. मग ते म्हणाले, "डिकी उघडा."

डिकीत औषधफवारणीचं थोडं सामान, फराळाचे डबे आणि पिशवी. पिशवीत पाकिटं.

"ही नावं कोणाची?"

"साहेब, मजुरांची. दिवाळीचा हिशोब आहे."

"इलेक्शनमध्ये नावं टाकलेली पाकिटं म्हणजे काय असतं ते आम्हाला माहीत आहे."

त्या माणसाच्या जागी मी असतो तर मलाही शंका आली असती, हे मी आजही म्हणेन. मतदानाला तीन-एक आठवडे उरलेले, गाडी पाड्यांकडे चाललेली आणि पिशवीत नावानिशी पाकिटं. शंका येणं आणि शंकेवरून पुढे नियमाने वागणं या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. माझं पुढचं सगळं म्हणणं या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

भाचा नाशिकला जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "मामा, वॉरंटवरून वाद घालू नका. अडवू नका, हात लावू नका. फक्त प्रत्येक गोष्ट कागदावर आणायला सांगा. पंचनाम्यात काय लिहिलंय यावर पुढचं सगळं ठरतं." अडवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली लोकसेवकाच्या कामात अडथळा होतो आणि धक्काबुक्की झाली तर कलम १३२. पैशांचं राहिलं बाजूला, वेगळीच केस अंगावर येते.

बायकोच्या पर्सला एका शिपायाने हात घातला तेव्हा ती ठामपणे म्हणाली, "लेडीज बोलवा, मग बघा." थोडी कुरबूर झाली, पण पुढच्या नाक्यावरून एक महिला पोलीस आल्या आणि मगच पर्स पाहिली गेली. नंतर कळलं की निवडणूक आयोगाच्या सूचनेतच हे आहे. पथकात महिला अधिकारी नसेल तर बाईच्या हातातली पर्स तपासायची नाही.

पंचनाम्याला वेळ लागला. पंच म्हणून शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याला आणि थांबलेल्या एका टेम्पोच्या ड्रायव्हरला बोलावलं. पाकिटं एकेक उघडून नोटा मोजल्या, पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती ते लिहिलं. मी विनंती केली की पाकिटांवरची नावं आणि रकमाही उतरवा. आधी लिहिणारा हवालदार म्हणाला, "एवढं कशाला?" पण कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तिथे आलेल्या अधिकाऱ्यांनी "लिहा" म्हटलं. मग प्रत्येक जोडीचं नाव, "उचल वजा" हा शब्दसुद्धा, जसाच्या तसा पंचनाम्यात आला. माझं म्हणणंही एका परिच्छेदात घेतलं: ही द्राक्षबागेची मजुरी असून मी कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता नाही. टपरीवाल्याने सही करण्याआधी पूर्ण कागद वाचून काढला. "मी वाचल्याशिवाय सही करत नाही, साहेब," असं तो म्हणाला तेव्हा मला त्या माणसाचा फार आधार वाटला. नोटा कापडी पिशवीत घालून लाखेचं सील केलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या. जप्तीच्या यादीची प्रत मी मागून घेतली. ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

घरी आलो तेव्हा पहिली चिंता पाड्यावरच्या लोकांची होती. चुलत भावाकडून थोडे घेतले, पतसंस्थेतून थोडे उचलले, काहींचे मुकादमाच्या खात्यावर पाठवले. सगळ्यांचा पूर्ण हिशोब झाला नाही, पण लक्ष्मीपूजनाच्या आत प्रत्येक घरात काही ना काही पोचलं.

मग एका संध्याकाळी पंचवटीत भाच्याच्या घरी बसलो. मला एकच प्रश्न पडला होता. वॉरंट नव्हतं, मग हे चालतं कसं?

तो म्हणाला, सिनेमात दाखवतात तसा "वॉरंट आहे का?" हा प्रश्न आपल्याकडे रस्त्यावर फारसा उपयोगाचा नाही, कारण कायद्याने बऱ्याच बाबतींत वॉरंटशिवाय झडतीची मुभा दिलेली आहे. ती कुठल्या कायद्याखाली घेतली, यावर अटी बदलतात.

पहिली मुभा तपासाची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्यातलं कलम १६५ आता नव्यात कलम १८५ आहे. एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू आहे, त्याला लागणारी वस्तू आपल्या हद्दीत अमुक जागी सापडेल असं मानायला सबळ कारण आहे आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होईल, असं असेल तर ठाणे अंमलदार किंवा तपासी अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. कायद्याच्या व्याख्येत जागा म्हणजे घर, इमारत, तंबू, वाहन आणि जहाजसुद्धा. पण झडतीच्या आधी त्याने कारण लिहायचं असतं आणि काय शोधतोय तेही लिहायचं असतं. शक्यतो स्वतः झडती घ्यायची. नव्या संहितेने त्यात आणखी दोन गोष्टी आणल्या. झडतीचं चित्रीकरण झालंच पाहिजे, मोबाइलवर केलं तरी चालेल. आणि लिहिलेल्या नोंदीची प्रत जास्तीत जास्त ४८ तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. जिची झडती झाली त्या जागेच्या मालकाने अर्ज केला तर ती प्रत दंडाधिकारी फुकट देतात. हे शेवटचं आमच्या गावात एकालाही माहीत नव्हतं.

दुसरी मुभा जप्तीची, त्याच संहितेचं कलम १०६. वस्तू चोरीची वाटली किंवा ज्या परिस्थितीत सापडली त्यावरून गुन्ह्याचा संशय आला तर पोलीस ती ताब्यात घेऊ शकतात. त्याचा अहवाल दंडाधिकाऱ्याला द्यायचा.

आमच्या पेठ, सुरगाण्याच्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त गाड्या उघडल्या जातात त्या दारूसाठी. दमण, दादरा इथली स्वस्त दारू गुजरातमार्गे या बाजूने येते, म्हणून पोलिसांबरोबर राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथकंही उभी असतात. तिथे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागतो आणि त्यात थांबवून तपासायचे, मुद्देमाल आणि गाडी ताब्यात घ्यायचे अधिकार आहेत. द्राक्षाची गाडी असो की नवरदेवाची, तिथे सगळ्यांना थांबावं लागतं.

अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा मात्र फार काटेकोर आहे, आणि भाचा त्यावर बराच वेळ बोलला. कलम ४९ मध्ये वाहन थांबवून तपासायचा अधिकार आहे. खासगी गाडीची झडती कलम ४२ प्रमाणे होते: मिळालेली खबर आधी लिहून काढायची, सूर्यास्तानंतर वॉरंट न घेता जायचं तर त्याची कारणं लिहायची, आणि त्याची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायची. सार्वजनिक वाहन असेल तर कलम ४३, त्यात ही अट नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सांगितलं की रस्त्यावर उभी असली तरी खासगी जीप सार्वजनिक वाहन होत नाही. कलम ४२ चं पालन झालं नव्हतं म्हणून आरोपी सुटले. माल सापडला होता. कागद नव्हता. मी हे ऐकून गप्पच बसलो, कारण नाक्यावर "एवढं कशाला लिहायचं" म्हणणारा हवालदार मला आठवला. कागद फक्त आपल्यासाठी नसतो, त्यांच्या केससाठीही तोच असतो.

त्याच कायद्यातल्या कलम ५० बद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क अंगझडतीपुरता आहे. पिशवीला किंवा गाडीला तो लागू नाही, असं २००५ मध्येच हिमाचल प्रदेश विरुद्ध पवन कुमार या निकालात आलं आहे.

आणि झडती चुकीची झाली तर? मला वाटायचं की मग सापडलेलं सगळं रद्द होतं. तसं नाही. १९७४ च्या पूरणमल प्रकरणापासून आपल्याकडची भूमिका अशी की झडतीत दोष असला म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही. न्यायालय तो जास्त बारकाईने बघतं. म्हणून रस्त्यावर "तुमची झडतीच बेकायदा" म्हणून भांडण्यात अर्थ नाही. दोष झाला असेल तर तो पुढे दाखवता येईल असा कागद त्याच वेळी हातात हवा.

आता माझं प्रकरण. आचारसंहितेच्या काळात नाक्यावर असतं ते स्थिर सर्वेक्षण पथक, ज्याला सगळे एसएसटी म्हणतात, आणि फिरतं ते भरारी पथक. त्यांच्यासाठी निवडणूक आयोगाने कार्यपद्धती घालून दिली आहे. तपासणी कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर आणि पूर्ण चित्रीकरणासह करायची. पन्नास हजारांची जी मर्यादा सगळ्यांच्या तोंडी आहे, ती खरं तर उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, पक्षाचा कार्यकर्ता किंवा प्रचारसाहित्य नेणाऱ्या गाडीसाठी आहे. साध्या शेतकऱ्याने पन्नास हजारांच्या वर नेलेच तर ते आपोआप जप्त, असं त्यात कुठेही नाही. दहा लाखांच्या वर रक्कम असेल आणि गुन्ह्याचा किंवा उमेदवाराशी संबंधाचा संशय नसेल, तर पथकाने जप्तीही करायची नाही, आयकर विभागाला कळवायचं. गुन्ह्याचा संशय असेल तर जप्ती करून २४ तासांत न्यायालयात तक्रार किंवा एफआयआर. हा फरक नाक्यावरच्या माणसांना नीट सांगितला जात नाही आणि भाजीचे, कांद्याचे, मजुरीचे पैसे घेऊन जाणारे अडकतात. मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

सुटकेचा रस्ताही त्याच कार्यपद्धतीत आहे. प्रत्येक जिल्ह्यात तीन जणांची समिती असते: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक कार्यालयातले खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. जप्तीचं प्रत्येक प्रकरण समितीने स्वतःहून बघायचं असतं. तक्रार दाखल नसेल किंवा पैशांचा उमेदवार, पक्ष, प्रचार यांच्याशी संबंध नसेल तर कारणं देऊन सुटकेचा आदेश काढायचा. मतदानानंतर सात दिवसांच्या पुढे, एफआयआर नसताना, रक्कम अडकवून ठेवता येत नाही. जप्तीच्या कागदावर दाद कुठे मागायची ते लिहिलेलं असायला हवं. माझ्या प्रतीवर ते एका ओळीत होतं, बारीक अक्षरात, पण होतं.

स्वतःहून बघतील म्हणून मी थांबलो नाही. दिवाळीची सुट्टी संपली तसा नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली. सोबत बँकेचं स्टेटमेंट, टोमॅटोच्या हिशेब पट्ट्या, सातबारा आणि मुकादमाकडून आणलेली हजेरीची वही. पैसे कुठून आले हे पट्टी आणि स्टेटमेंटने दिसतं, पण कुठे चालले होते हे दाखवायला ती वही लागली. वहीतली नावं आणि पंचनाम्यातली नावं एकापुढे एक ठेवली तर जोडीला जोडी जुळत होती, उचलीचे आकडेसुद्धा. पंचनाम्यात नावं उतरवली नसती तर माझ्याजवळ सांगायला फक्त तोंड होतं.

सुनावणी म्हणजे फार मोठं काही नव्हतं. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, "बँकेचे एक लाख वीस दिसतात, वरचे सहासष्ट कसे?" मी पट्ट्या पुढे केल्या. त्यांनी तारखा पाहिल्या, बेरीज केली. दुसऱ्यांनी वही चाळली आणि एका बाईच्या अंगठ्यापाशी थांबून विचारलं, "या बाई सही करत नाहीत का?" मी म्हटलं, "नाही साहेब, पण मोजून घेतात." मुकादम सोबत आला होता, त्याचंही म्हणणं घेतलं. एफआयआर झालेला नाही, उमेदवाराशी संबंध नाही, मजुरीची रक्कम आहे, असं लिहून आदेश निघाला. त्याची प्रत, आधार कार्ड आणि जप्तीची यादी दाखवून मतदानाच्या आधीच पैसे ताब्यात मिळाले. सील आमच्यासमोर फोडलं, नोटा पुन्हा मोजल्या, पंचनाम्याशी ताळा घेतला आणि मग पोचपावतीवर सही केली. आधी मोजा, मग सही करा, हे प्रत्येकाला सांगतो.

तेव्हापासून गावात लोक एक प्रश्न हमखास विचारतात. निवडणूक नाही, दारू नाही, रात्री मुंबई-आग्रा हायवेवर साधी नाकाबंदी आहे आणि पोलीस म्हणाले डिकी उघडा, तर? भाच्याने सांगितलं तेच मी सांगतो. गुन्हा रोखण्याच्या कामात पोलिसांनी दिलेली कायदेशीर सूचना पाळायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ ने आपल्याला बांधलं आहे, म्हणून थांबा आणि डिकी उघडा. कशासाठी तपासताय हे आवाज न चढवता विचारा, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा बघून घ्या, चित्रीकरण चालू आहे ना ते विचारा. काही घेतलं नाही तर पुढे निघा. काही घेतलं तर यादीशिवाय तिथून हलू नका. पंच कोण ते बघा, आपलं म्हणणं शब्दशः लिहून घ्या. आणि तपासासाठी झडती झाली असेल तर नोंदीच्या प्रतीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. त्याला पैसे पडत नाहीत.